नायी इदे

कानडीत कुत्र्याला ‘नायी’ म्हणतात. आमच्या बिदरकडच्या मराठीत ‘नाही’ला ‘नाई’ म्हणतात. ह्या दोन शब्दांच्या मधून सुई जाणार नाही, पण माझा साडू गेला. तो पुण्याचा. बिदरला पहिल्यांदाच येत होता आणि आमचं घर सोडून शेजारच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला. फाटकावर पाटी होती, पण कानडीत, म्हणजे त्याच्या लेखी ती नक्षी. वर गच्चीत शेजारीणबाई पापड वाळत घालत होत्या. ह्यानं विचारलं, "काय हो, कुत्रं आहे का इथं?" बाईंना मराठी सगळं कळतं, पण उत्तर त्या स्वतःच्या भाषेत देतात. म्हणाल्या, "नायी इदे." म्हणजे कुत्रा आहे. साडूनं ऐकलं, ‘नाही इथे’. हसत हसत त्यानं कडी काढली. पुढची हकिगत तो अजून सांगतो, पण बरेच दिवस उभ्यानं सांगायचा. त्या दिवसापासून सीमाप्रश्नावर त्याची मतं फार जहाल झाली आहेत.

आमच्या घरातही ह्याच शब्दानं घात केला. मुलीनं पिल्लाचा हट्ट धरला तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या घरात कुत्रं नाई!" शेजारीणबाईंना वाटलं, हिला इतका आनंद झालाय की दोन्ही भाषांत सांगतेय, कुत्रं, नायी. त्यांनी तिकडूनच विचारलं, "यावाग तर्तीरी?" कधी आणताय? आता शेजारणीला कळलंच आहे म्हटल्यावर न आणणं बरं दिसेना.

आईची धास्ती वेगळी होती. कानडीत कुठल्याही पिल्लाला ‘मरी’ म्हणतात. कुत्र्याचं पिल्लू म्हणजे नायीमरी. आईच्या लहानपणी गावात पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत वेशीबाहेर ढकलून यायचे. ती म्हणाली, "मरीला लोक गावाबाहेर घालवत होते. तू पैसे देऊन घरात आणलालास?"

कुठलं कुत्रं, ह्यावर आठवडाभर भांडण झालं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी ही म्हण कुठं जन्मली कोण जाणे, शोभते मात्र आमच्या भागाला. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तसं आमच्या घरातल्या भांडणालाही मिळायला हरकत नाही. मुलीला हस्की हवं होतं, निळ्या डोळ्यांचं. हस्की मूळचं सैबेरियातलं, बर्फावरून गाडी ओढणारं, अंगावर केसांचे दोन थर. मी समजावलं की मे महिन्यात कलबुर्गीचा पारा चाळिशी ओलांडून बराच पुढं जातो आणि आपल्याकडं बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर असतो. त्यावर हस्की ती गाडी ओढतंय हे चित्र तिनं वहीत काढलं, एवढाच त्या समजावण्याचा परिणाम. बायको म्हणाली, आणायचंच तर पामेरियन आणा, माझ्या माहेरी होतं. मी म्हटलं, आपल्याकडं पामेरियन म्हणून जे मिरवतं ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. ती म्हणाली, माझ्या माहेरच्या कुत्र्यापर्यंत आता तुमची मजल गेली तर! मी स्वतः लॅब्राडोर म्हणत होतो. ज्याला कुत्र्यातलं काही कळत नाही तो लॅब्राडोर म्हणतो.

मी बँकेत होतो. एकतीस वर्षं, त्यातली निम्मी खेड्यातल्या शाखांत. म्हशीसाठी कर्ज दिलं की ती म्हैस प्रत्यक्ष पाहून यावी लागे. एका आठवड्यात मी तीन गावांत तीन कर्जदारांच्या तीन म्हशी पाहिल्या, आणि तिसऱ्या गावात म्हशीनं मला ओळखलं. तेव्हापासून नुसत्या जनावरावर माझा विश्वास नाही. कानातला बिल्ला, दाखला, सही, शिक्का असं सगळं लागतं. त्यामुळं कलबुर्गीला एकाकडं लॅब्राडोरचं पिल्लू बघायला जायचं ठरल्यावर मी बँकेच्या पाहणी अहवालासारखा तक्ता केला. सत्तावीस मुद्दे, समोर होय किंवा नाही, शेवटी शेरा.

तक्ता तसा वाईट नव्हता, जाणत्यांना विचारूनच केला होता. डोळ्यांत चिपडं नकोत, नाक वाहायला नको. कानाचा वास घ्यायचा; आंबूस आला तर आत काहीतरी शिजतंय. हिरड्या गुलाबी हव्यात. पोट भरलेलं चालेल, पण बरगड्या मोजता येतात आणि पोट नगाऱ्यासारखं, असं दिसलं तर ते दूध नव्हे, जंत. बेंबीपाशी गोळी लागते का चाचपायचं, ती अंतर्गळाची असू शकते. शेपटीखाली बघायचं; तिथं केस चिकटलेले असले तर हगवण आहे आणि विकणारा ती तुमच्यासोबत पाठवणार आहे. पिल्लाच्या पाठीमागं टाळी वाजवायची, ऐकू येतं का बघायला. मग किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाकायचा. चांगलं पिल्लू दचकतं, मागं सरतं आणि मग पुन्हा वास घ्यायला येतं. जे दचकून कोपऱ्यातच बसतं ते पुढं दिवाळीला त्रास देतं. सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा सतरावा: पिल्लू आईजवळ असताना बघा. खाण तशी माती. कानडीत म्हणतात, नूलिनंते सीरे, तायियंते मगळु. जसं सूत तशी साडी, जशी आई तशी लेक. ह्या एका बाबतीत तरी सीमेच्या दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

शिवाय कायदा. केंद्र सरकारनं २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले. विकणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. कुत्री अठरा महिन्यांची होईपर्यंत तिला लावायचं नाही, आणि जन्मात पाच वेतांच्या वर तिच्याकडून घ्यायची नाहीत. पिल्लाच्या कातडीखाली चिप बसवायची. हे सगळं वाचून मला बरं वाटलं. म्हशीच्या कानातला बिल्ला काढून दुसरीच्या कानात घालता येतो, चिपचं तसं नाही.

सोबत आप्पांना घेतलं. आप्पा माझे चुलते, भालकी तालुक्यात शेती, वय चौऱ्याहत्तर. कुत्र्यातलं त्यांना काही कळत नाही असं ते स्वतःच म्हणाले. "मला बैलातलं विचार." ते खरंच. भालकी, देवणी, उदगीर ह्या पट्ट्यात आप्पांनी पाहिला नाही असा बैलबाजार नसेल. देवणी जातीत तीन रंग. अंग पांढरं आणि तोंडावर काळं तो वानेरा, पांढऱ्या अंगावर खालच्या बाजूला काळे ठिपके तो बाळंक्या, आणि अंगभर काळे-पांढरे पट्टे-ठिपके तो शेवरा. आप्पा माणसंही अशीच लक्षात ठेवतात. माझ्या सासऱ्यांना त्यांनी लग्नाच्या बैठकीतच शेवरा ठरवलं होतं, कोड होतं म्हणून नव्हे, दर वाक्याला रंग बदलायचे म्हणून. यायला ते एका अटीवर तयार झाले: आधी गाणगापूर.

बिदर-कलबुर्गी रेल्वे २०१७ साली सुरू झाली, त्याआधी आम्ही ह्या प्रवासाला हुमनाबादमार्गे एसटीत अर्धा दिवस घालवायचो. (एसटी म्हणायची सवय जात नाही. गुलबर्ग्याचं कलबुर्गी २०१४ साली झालं, तेही आप्पांच्या जिभेला अजून पटलेलं नाही.) कमलापूर आलं तसं आप्पांनी तांबडी केळी आठवून आठवून मला भूक लावली. गाणगापुरात निर्गुण पादुकांचं दर्शन झालं, भीमा-अमरजेच्या संगमावर आंघोळ झाली, माधुकरी झाली. तिथं कुत्री भरपूर, आणि सगळी खात्यापित्या घरची. दत्ताच्या गावी कुत्र्याला हाड म्हणायला जीभ रेटत नाही. आप्पा एका पिवळ्या कुत्र्याला भाकरी घालत म्हणाले, "दत्तमहाराजांनी चार पाळली. कागद बघितले का?" मी म्हटलं, "आप्पा, ते चार वेद आहेत." ते म्हणाले, "ते नंतर कळलं लोकांना. आधी कुत्रीच होती."

मला हे तेव्हा पटलं नव्हतं, कारण तक्त्यात बावीस क्रमांकाला पेडिग्रीचा मुद्दा होता. कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणारा केनेल क्लब चेन्नईला आहे, १८९६ सालचा. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडं आपली सात पिढ्यांची वही असते, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की उपाध्यायांच्या वहीत आपण गेल्यावर दक्षिणा देतो आणि इथं पिल्लू येण्याआधी.

दुसऱ्या दिवशी आम्ही विकणाऱ्याकडं पोचलो. शहराबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये घर. त्यानं आमचं स्वागत केलं तेच मुळी दख्खनीत. "देखो साब, डबल बोन है. पंच फेस. शो क्वालिटी." टोपलीत चार पिल्लं, लोण्याच्या गोळ्यांसारखी. एकानं माझ्या चपलेचा अंगठा तोंडात धरला आणि माझे सत्तावीस मुद्दे वितळायला लागले. सांगणारे हेच सांगत नाहीत. डोळे, कान, बेंबी सगळं सांगतात, पण पहिलं पिल्लू पायाशी आलं की माणूस तपासणी अधिकारी राहत नाही, गोपाळकाल्यातला पेंद्या होतो.

"डबल बोन म्हणजे?" आप्पांनी विचारलं.

"हड्डी मोटी, बडे मियाँ."

"बैलाला एकच असतंय," आप्पा म्हणाले आणि खाली बसले.

मी टाळी वाजवली. पिल्लं ढिम्म. पुन्हा वाजवली. आप्पा आदल्या दिवशी गाणगापूर करून आलेले. त्यांना वाटलं पोरानं काही नेम धरलाय, तेही वाजवू लागले. आतून विकणाऱ्याची म्हातारी डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. मग मी किल्ल्या टाकल्या. तीन पिल्लं दचकली, मागं सरली, परत आली. चौथं दचकलंच नाही, जुडगा तोंडात धरून लोखंडी कपाटाखाली गेलं. त्यात आमच्या बिदरच्या घराची, लॉकरची आणि देवघराच्या कपाटाची किल्ली. पुढची वीस मिनिटं मी, विकणारा आणि त्याचा मुलगा पालथे पडून कपाटाखाली काठी घालत होतो. तक्त्यात हा मुद्दा ‘होय’ धरावा की ‘नाही’, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग नोंदणीचं प्रमाणपत्र मागितलं. त्यानं भिंतीवरच्या चौकटीकडं बोट केलं. सोनेरी किनार, मोठा शिक्का, कानडी अक्षरं. मला कानडी येतं, पण सावकाश. वाचून संपेपर्यंत त्यानं विषय बदलला होता. प्रमाणपत्र खरं होतं. त्याच्या मुलाला चित्रकलेत तिसरा क्रमांक मिळाल्याचं होतं.

"कागदां पीछे से आते, साब. चेन्नई से." हे वाक्य मी बँकेत आयुष्यभर ऐकलं होतं. तरी मी लिहिलं, ‘कागद प्रतीक्षेत’.

सतरावा मुद्दा. "आई कुठं आहे?" तो आत गेला आणि बऱ्याच वेळानं एक देखणी कुत्री घेऊन आला. अंगावर तूप चोपडल्यासारखी चकाकी, गळ्यात तांबडा पट्टा, चाल राणीची. मी लगेच ‘होय’वर खूण केली. खाण अशी तर माती कशी असेल! आप्पा जागचे उठले नाहीत. त्यांनी कुत्रीला जवळ घेतलं, मानेवरून हात फिरवला आणि सवयीनं हात पोटाखाली नेला. आयुष्यभर गाई-म्हशींच्या कासेखाली बसलेला माणूस, हात दुसरीकडं जाणार कुठं?

"किती दिवस झाले व्यायला?"

"दो महिने."

"सड हरभऱ्याएवढे हैत हिचे," आप्पा मला म्हणाले. "चार पिल्लं पाजली म्हणतो. आटली तरी कातडं लोंबतंय, सड लांबतेत. हिनं जन्मात कुणाला पाजलं नाई. ही बाळंतीण नव्हे लेका, पाहुणी हे."

आणि मग मला दिसलं की पिल्लांपैकी एकही तिच्याकडं गेलं नव्हतं. ती तर त्यांच्याकडं, माझ्या साडूनं शेजाऱ्यांच्या फाटकाकडं बघावं तशी बघत होती. मला तिसऱ्या गावातली म्हैस आठवली. त्या वेळी निदान म्हशीनं तरी सांगितलं होतं.

आप्पांचा हात एकदा चालू झाला की थांबत नाही. त्यांनी कपाटाखालच्या त्या चोराला उचललं आणि अंगठ्यानं त्याचा जबडा उघडला. बैलाचं वय दातांवरून ठरतं. दुधाचे दात आहेत तोवर आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे आले की जुळला. मी म्हटलं, "आप्पा, पिल्लं सगळीच आदत असणार." "गप. मोज तूच." आठ आठवड्यांचं पिल्लू असेल तर दुधाचे अठ्ठावीस दात साधारण आलेले असतात. ह्याच्या पुढच्या बाजूला टाचण्यांसारखे बारीक दात होते आणि मागं दाढांच्या जागी नुसत्या मऊ हिरड्या. म्हणजे पाच आठवडे, फार तर. विकणाऱ्यानं लशीचं कार्ड पुढं केलं होतं, त्यावर तीन आठवड्यांपूर्वीची तारीख. हिशेब केला तर लस टोचली तेव्हा पिल्लू दोन आठवड्यांचं. पिल्लाचे डोळे उघडतात तेच दहा ते चौदा दिवसांनी, त्यामुळं लस टोचणारा हा त्याला ह्या जगात दिसलेला पहिला माणूस असावा. खरी लस सहा ते आठ आठवड्यांच्या पुढं सुरू होते, कारण तोवर आईच्या दुधातून आलेली ताकद ती चालू देत नाही. मधल्या दिवसांत पार्व्हो गाठतो. रक्ताची हगवण, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू आडवं. माझ्या आईची मरी ती हीच. तिला शब्द चुकीचा ऐकू आला होता, अर्थ नव्हे.

"खरी आई दाखवा," मी म्हटलं. तो म्हणाला, तिकडं काम चालू आहे. घरामागं पत्र्याची शेड होती. फटीतून मी पाहिलं ते थोडकं सांगतो. पिंजरा तिच्यापेक्षा थोडाच मोठा होता, सड जमिनीला टेकत होते, आणि आम्ही पत्र्याशी आलो तरी ती भुंकली नाही. कुत्रं परक्याला भुंकत नाही हे मी पहिल्यांदाच पाहिलं. नियम मला पाठ होते. अठरा महिने, पाच वेतं, सगळं. पण ते पाहिल्यावर माणसानं काय करायचं, हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. मी तक्ता घडी करून खिशात घातला.

फाटकापर्यंत तो मागून येत होता. बावीस हजारांवरून अठरा, अठरावरून बारा. "लेके जाव साब, नक्को बोलनेकाच नई." आप्पांनी रस्त्यावर आल्यावर एकच विचारलं, "इसार दिला नाईस ना?" दिला नव्हता. चपलेचा अंगठा तेवढा राहिला तिथं.

परतीच्या गाडीत आप्पा म्हणाले, "कारवानी घे की." लांब तोंडाचं, बारीक कमरेचं, खोल छातीचं, वाऱ्यासारखं पळणारं हे कुत्रं आमच्या सगळ्या भागाला माहीत. कानावर आणि शेपटीला झुलूप असलं तर त्याला पश्मी म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनी ही जात जोपासली, विलायतेत पंचम जॉर्जला त्यातली कुत्री भेट दिली असं सांगतात, आणि तेव्हापासून ती मुधोळ हाउंड झाली. गंमत अशी की एक क्लब ह्या कुत्र्याची नोंद कॅराव्हॅन हाउंड म्हणून करतो आणि दुसरा मुधोळ हाउंड म्हणून. एकच जीव आणि दोन दप्तरांत दोन नावं, सीमाभागातल्या माणसाला ह्यात नवल वाटत नाही. टपाल खात्यानं २००५ साली देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यातही मुधोळ होतं. ज्या खात्याचे लोक पिढ्यान्‌पिढ्या कुत्र्यांकडून चावून घेत आले, त्यांनी हा मोठेपणा दाखवावा ह्याचं मला कौतुक वाटतं. २०१६ साली लष्करानंही मेरठला नेऊन ह्यांची परीक्षा घेतली. आणि ह्या जातीवर काम करणारं संशोधन केंद्र मुधोळजवळ तिम्मापूरला आहे, पण ते ज्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं, ते बिदरला, आमच्या गावात. मी त्याच्या फाटकावरून वर्षानुवर्षं बँकेत गेलो. कुत्र्यासाठी मात्र कलबुर्गीला गेलो.

आप्पांच्या माहितीतला एक म्हातारा होता, मेंढ्या राखणारा, मांजरा नदीच्या काठी. कुत्रं घ्यायला मांजरेकाठी जायचं हे मुलीला इतकं आवडलं की हस्कीचा विषय त्या एका विनोदावर मिटला. म्हाताऱ्याचं घर कर्नाटकात, कुत्री रोज महाराष्ट्रात फिरून येणारी. पूर्वी ह्यांच्या बापजाद्यांनी ह्या कुत्र्यांवर ससे मारले; आता शिकारीला कायद्यानं बंदी, त्यामुळं कुत्री लांडग्यावर आणि रानडुकरांवर नजर ठेवतात. आई तिथंच होती, लिंबाखाली, सहा पिल्लं लुचत होती, आणि आम्ही दिसताच ती अशी उठली की सतरावा मुद्दा विचारायची गरजच राहिली नाही. मी सवयीनं खिशातून तक्ता काढला.

"कागद ठेवा," म्हातारा म्हणाला. "बसा. मी इचारतो."

आणि त्यानं विचारलं. घर कसलं? मी म्हटलं, दुसरा मजला. अंगण? नाही. दुपारी घरी कोण? आई. आईला चालतंय का कुत्रं? मी गप्प. साखळीला बांधून ठेवणार का? रात्री, म्हटलं. गावाला गेलात तर कुणाजवळ सोडणार? शेजारी कानडी आहेत, म्हटलं, त्यांच्याकडं एक आधीच आहे. ह्याआधी कुठलं जनावर पाळलं? मी एकतीस वर्षांत नऊशेवर म्हशींना कर्ज दिलंय, पण पाळलेलं म्हणाल तर काही नाही. मुलीला त्यानं विचारलं, "तू सांग, हे पळायला लागलं की तू संगट पळशील का?" तिनं खरं सांगितलं, "मला मोबाइल धरून पळता येत नाही." म्हातारा हसला, मग मला म्हणाला, "साहेब, तुम्हाला कुत्रं नको. तुम्हाला फोटू पायजे."

मी नापास झालो होतो. बँकेत शेकडो अर्ज नामंजूर केले, पण तो कागद हातात घेऊन बाहेर पडणाऱ्याला कसं वाटतं, हे मला तिथं लिंबाखाली कळलं. आप्पांना राग आला. "पोराला नको देऊ. मला दे. माझं रान हे, विहीर हे." म्हातारा म्हणाला, "पिल्लं अजून पाच हप्त्यांची. आमुशेनंतर बघू. आधी मी येतो तुमच्याकडं."

तो खरंच आला. चालत, दुपारच्या उन्हात. आप्पांनी चहा ठेवला, तर त्यानं आधी गोठा बघतो म्हटलं. कुत्र्याची जागा, पाणी, सावली ह्यांपैकी त्यानं काहीच पाहिलं नाही. तो सरळ आप्पांच्या बैलजोडीपाशी गेला, एकाच्या खांद्यावर जिथं जू बसतं तिथं तळहात ठेवला आणि केस उलटे करून पाहिले. मग दुसऱ्याच्या. मग वेसणीच्या भोकाला बोट लावलं, सूज आहे का. आप्पा, ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या बैलांचे खांदे पाहिले, ते शाळेतल्या पोरासारखे दावणीपाशी उभे. खांद्यावर जखम नव्हती. म्हातारा म्हणाला, "चहा घेऊ."

पिल्लू आलं ते अडीच महिन्यांचं होऊन, आईनं दूध तोडल्यावर. भाव दोघांनी पंचाखाली ठरवला, बैलबाजारात ठरवतात तसा, बोटं धरून. मी शेजारी बसलो होतो. पंचा थोडा हलला, आप्पांनी मान हलवली, म्हाताऱ्यानं त्यांचं एक बोट सोडलं, पुन्हा धरलं, आणि दोघं हसले. पैसे गेले की ज्वारीचं पोतं, की नुसता शब्द, आप्पा अजून सांगत नाहीत. एकतीस वर्षं लोकांना व्याजाचा दर सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरच्या कुत्र्याचा दर माहीत नाही. मुलगी दर रविवारी बसनं शेतावर जाते आणि मोबाइल घरी ठेवून जाते, कारण तो धरून पळता येत नाही. शेजारीणबाई अजून विचारतात, "यावाग तर्तीरी?" बायको खिडकीतून सांगते, "नाई!" आणि त्या फाटकापर्यंत येऊन बघून जातात.

लशीला सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा मी सोबत होतो. पिल्लू आप्पांच्या काखेत, पांढुरकं अंग, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, कान मागं टाकून सगळ्यांकडं तुच्छतेनं बघणारं. कार्ड भरणाऱ्यानं मालकाचं नाव विचारलं, आप्पांनी स्वतःचं सांगितलं. मोबाइल नंबर विचारला, माझा सांगितला.

"जात?"

मी तोंड उघडलं होतं. मुधोळ म्हणावं की कॅराव्हॅन, कुठल्या क्लबाप्रमाणं, हे ठरवत होतो. तेवढ्यात आप्पा म्हणाले, "वानेरा."

तो माणूस देवणीकडचाच असणार. मान वर न करता त्यानं लिहून घेतलं आणि विचारलं, "किती दाती?"

"आदत," आप्पा म्हणाले.